कापलेले बावीस सेकंद

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, योगिता दरवर्षी दुपारच्या जेवणापर्यंत यायची. यंदा ती सकाळी नऊलाच कामरेजहून सुरतेतल्या गोडादऱ्याला माहेरी येऊन थडकली, तीही एकटी. तेव्हाच उषाबाईंनी ओळखलं, लेक नुसती सणाला आलेली नाही.

गच्चीवर चूल पेटली होती. उषाबाई हातावर मांडा फिरवून मोठा करत होत्या आणि उपड्या खापरावर टाकत होत्या. बाजूला सून उज्ज्वला आंब्याचा रस काढत बसली होती.

"उनी का व माय," उषाबाई म्हणाल्या. "जावई कुठे?"

"येतील दुपारी." योगिताने पिशवी ठेवली आणि भावजयीजवळ बसून आंबे चोळून मऊ करायला घेतले. "वहिनी, पत्र खरंच आलं का?"

"आलं ना. लीगने मयुरीला निलंबित केलंय. परवा, मंगळवारी अकराला शिस्तपालन समितीपुढे हजर व्हायचं. एक वर्षाची बंदी घालू शकतो असं लिहिलंय." उज्ज्वलाने एक कोय जोरात पिळली. "आणि दहा मेला गुजरातच्या फुटबॉल टीमची निवड आहे. बारा वर्षांची असल्यापासून पोर या दिवसासाठी पळतेय, ताई. बंदी लागली की संपलं."

"तिने लिहिलं काय होतं नेमकं?"

"तुम्ही नाही पाहिलं? चाळीस हजार लोकांनी पाहिलंय." उज्ज्वलाच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. "मॅच संपायला दोन मिनिटं, आपण एका गोलने मागे. मयुरीने मारलेला बॉल वरच्या दांड्याला लागून रेषेच्या आत पडला आणि बाहेर उडाला. साऱ्या दुनियेला दिसला. रेफरीने दिला नाही. मग पोरीने इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'रेफरी बिकी हुई है.' झालं. त्याच्यावर एवढा तमाशा."

योगिताने हातातला आंबा परातीत ठेवला.

"ती रेफरी लीला आहे, वहिनी. लिंबायतची लीला सोनवणे. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसायचो."

उज्ज्वला तिच्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे तुम्ही तिच्याकडून आलात?"

"मी माझ्या माहेरी आलेय. पण परवा तिच्या आईचा फोन आला होता. लीलाने फोन बंद करून ठेवलाय. तिचा फोटो, तिच्या शाळेचं नाव, सगळं टाकलंय लोकांनी. घाण घाण लिहितात. ती शाळेत पीटी शिकवते, वहिनी. दोन दिवस कामावर गेलेली नाही."

"लोकांनी लिहिलं ते मयुरीने लिहिलं का?"

"नाही. पण सुरुवात कुठून झाली?"

"वा! सख्खी फुई तुम्ही तिची, बापाची बहीण. समितीत हेच सांगायला जाणार असाल तर..."

"पोळी करपी राहिनी," उषाबाई मध्येच म्हणाल्या. करपत काही नव्हतं. पण दोघी गप्प झाल्या, आणि उषाबाईंना तेवढंच हवं होतं. पन्नास वर्षांपूर्वी अमळनेरकडून सुरतेत आल्यापासून त्यांनी घरातली कितीतरी भांडणं अशी खापरावर टाकली होती. हे भांडण मात्र तेवढ्याने मिटणारं नाही, हे त्यांना कळत होतं.

*

जेवणं झाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पुढच्या खोलीत कूलर लावून सगळे बसले आणि विषय निघालाच.

उषाबाईंचे यजमान धुडकूआबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्याने त्यांना आता फार कमी ऐकू यायचं. त्यामुळे ते माणसांच्या तोंडांकडे बघायचे. थोरला मुलगा, मयुरीचा बाप गजेंद्र बोलताना खाली बघत होता, धाकटा योगेंद्र हात नाचवत होता. नात मयुरी कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिने आज रसाची वाटी निम्मी ठेवली, हे आबांनी जेवतानाच पाहिलं होतं.

"मी सांगतो ते ऐका," योगेंद्र म्हणाला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्याचं, आणि मयुरीचं इन्स्टाग्रामचं पानही तोच बघायचा. "सांगायचं, अकाउंट हॅक झालं होतं. कोणीतरी दुसऱ्यानेच टाकलं. सिद्ध कोण करणार?"

"आणि सिद्ध झालं तर?" गजेंद्रने विचारलं. तो साड्यांच्या प्रोसेस हाउसमध्ये फोल्डिंग खात्याचा सुपरवायझर होता. साहेब लोकांपुढे आवाज चढवायचा नाही, हे त्याने वीस वर्षांत पक्कं शिकून घेतलं होतं. "त्यापेक्षा सरळ जायचं, पाया पडायचं. सगळी चूक माझी, लिहून द्यायचं, मोकळं व्हायचं. मोठ्या लोकांशी भांडून कोणाचं भलं झालंय?"

"चूक नसताना?" उज्ज्वला उसळली. "गोल झाला होता! माझी पोर काहीही लिहून देणार नाही."

"मग बस वर्षभर घरी!"

"दादा, वहिनी, थांबा जरा." योगिता म्हणाली, "मी तर ती मॅच पाहिलेलीच नाही. मयुरीला खेळताना मी एकदाही पाहिलं नाही. योगेंद्र, तू सगळी मॅच काढली होतीस ना? टीव्हीवर लाव की."

योगेंद्र चुळबुळला. "दीड तासाची आहे, ताई. रील बघ ना, त्यात सगळं आलंय."

"शेवटचा भाग लाव. आबांनाही बघू दे."

आबांनी टीव्हीकडे बोट केलं. "लाव."

त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. योगेंद्रने फोन टीव्हीला जोडला.

पहिली काही मिनिटं खोलीतला ताण गेलाच. दहा नंबरचा शर्ट घातलेली मयुरी पडद्यावर वाऱ्यासारखी पळत होती. "ही आपली मयुरी?" उषाबाईंनी दोनदा विचारलं. योगिताने टाळी वाजवली. गजेंद्रही मान वर करून बघू लागला. रविवारीही त्याची पाळी असायची, त्यामुळे त्याने तिची मॅच पाहिल्याला तीन वर्षं झाली होती. मग कॉर्नर आला, मयुरीने उडी मारून डोक्याने बॉल मारला, दांड्याचा आवाज आला आणि सगळी खोली ओरडली.

"आत! बघा, आत पडला!" उज्ज्वला उभी राहिली. "आता बघा ती बाई कशी नाही म्हणते!"

बाकीचे बोलत होते, योगेंद्र तर मोठ्याने समजावून सांगत होता. आबांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते फक्त बघत होते. काळ्या कपड्यातली ती बाई लगेच नाही म्हणाली नव्हती. तिच्यापुढे एक उंच मुलगी आडवी आली होती. मान वाकडी करून बघण्याचा तिने प्रयत्न केला. मग ती धावत मैदानाच्या कडेला गेली, तिथल्या झेंडावाल्याजवळ. त्याला काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली. तिने पुन्हा विचारलं, बोटाने रेषा दाखवली. त्याने पुन्हा मान हलवली. तेव्हा कुठे तिने हात हलवून खेळ चालू केला.

आबांनी हात वर केला. "मागे ले."

योगेंद्रने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मयुरी उठली, तिने काकाच्या हातातून फोन घेतला आणि तोच तुकडा पुन्हा लावला. आता सगळे त्या काळ्या कपड्यातल्या बाईकडेच बघत होते.

"ती त्याले इचारी राहिनी," आबा म्हणाले. "दोनदा इचारं. तू मला मोबाइलवर दाखवलं होतं, त्यात हे नव्हतं. हाई कसाले कापी टाकं?"

"रील तीस सेकंदांची करायची होती, आबा," योगेंद्र आवाज चढवून, त्यांच्या कानाशी म्हणाला. "बसत नव्हतं."

"काका, राहू दे." मयुरी आबांच्या समोर खाटेजवळ बसली, त्यांना तोंड दिसेल अशी. "लांबीसाठी नाही कापलं, आबा. काकाने मला विचारलं होतं, हे बावीस सेकंद काढू का. मी काढ म्हटलं. ते ठेवले असते तर कोणी मानलं नसतं, की ती विकली गेलीय. विकलेली बाई असं दोनदा विचारायला कशाला जाईल?"

उज्ज्वला हळूच खाली बसली.

"पण बॉल आत होता," ती म्हणाली. आता ते भांडण नव्हतं, प्रश्नच होता.

"होता, मम्मी. ते मी मरेपर्यंत म्हणेन. पण तिला दिसला नाही. मला ते त्याच दिवशी परतीच्या टेम्पोत बसल्यावर माहीत होतं. राग आला होता, लिहून टाकलं. मग लोक वा वा करायला लागले. दर पाच मिनिटांनी आकडा वाढत होता. बरं वाटत होतं." तिने आबांचा हात धरला. "चार दिवस झोप नाही मला."

योगिता उठली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. गजेंद्र म्हणाला, "मग आता तरी ऐक माझं. सगळं कबूल करून टाक."

"सगळं नाही, पप्पा. गोल झाला हे मागे घेणार नाही. ती विकली गेली, हे मागे घेईन. आणि कापलं, तेही सांगेन."

"तेही सांगणार?" योगेंद्र दचकला. "म्हणजे माझं नाव?"

"तुझं नाही. पान माझं आहे."

योगेंद्रने मयुरीच्या हातातून आपला फोन परत घेतला. "माझं नाव टाक," तो म्हणाला. "कात्री मी चालवली होती."

धुडकूआबांना हे शेवटचं ऐकू आलं नाही. ते नातीला म्हणाले, "समितीनं परवा देखू. आधी तिना घर जाय."

*

लीला सोनवणेचं घर लिंबायतला दुसऱ्या मजल्यावर होतं. संध्याकाळी योगिता आणि मयुरी तिथे गेल्या तेव्हा दार लीलाच्या आईने उघडलं. योगिताला बघून तिचा चेहरा उजळला आणि मागे मयुरीला बघून मिटला. तरी तिने पाणी आणून दिलं.

लीला बाहेर आली. मैदानावर ती उंच वाटायची. इथे गाउनवर ओढणी घेतलेली, डोळ्यांखाली काळं आलेली एक बारीकशी बाई होती.

"योगिता, तुझी भाची आहे हे मला माहीत नव्हतं."

"मलाही रेफरी तू आहेस हे परवा कळलं."

मयुरी उभीच राहिली. रिक्षात तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "मॅडम, मी तो व्हिडिओ कापला. तुम्ही लाइनमनला विचारायला गेलात ते काढून टाकलं. मुद्दाम. मला माहीत होतं तुम्ही विकल्या गेल्या नाहीत, तरी लिहिलं. माझं चुकलं."

लीलाने तिला बस म्हटलं नाही.

"तू गोल झाला म्हणालीस, त्याचा मला राग नाही. मैदानावरही माझ्या तोंडावर ओरडलीस. मी कार्ड काढलं का?"

"नाही."

"बारा वर्षं शिट्टी वाजवतेय. रोज कोणीतरी म्हणतं, दिसत नाही का, घरी जा, चूल सांभाळ. मी ऐकून घेते. पण गेल्या बुधवारी सातवीतल्या एका मुलीने तासाला हात वर करून विचारलं, मॅडम, तुम्ही कितीला विकल्या गेलात? सगळा वर्ग हसला. आता त्यांना खोटं बोलू नका म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मयुरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही.

"मी आत्ता तुमच्यासमोर पूर्ण व्हिडिओ टाकते, मॅडम."

"इथे नको. लोक म्हणतील, घरी बोलावून करवून घेतलं. तुझ्या घरी जा, तुझ्या मनाने कर." लीला थोडी थांबली. "फोन आहे ना? दाखव मला. मी अजून पाहिलाच नाही. खाली काय लिहिलंय त्या भीतीने उघडलाच नाही."

मयुरीने तो क्षण लावून दिला. लीलाने तीनदा पाहिला, तिसऱ्यांदा अगदी सावकाश, बोटाने पुढे सरकवत. सवयीने तिची मान वाकडी झाली.

"मला तिथून त्या उंच, आठ नंबरवाल्या मुलीची फक्त पाठ दिसत होती," ती म्हणाली. मग फोन परत देत, "आत आहे. पूर्ण आत आहे."

मयुरीला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही.

"बस," लीला म्हणाली. "आई, चहा टाक गं. योगिता अजून कमी साखरेचा पिते का विचार."

*

मंगळवारी गजेंद्रने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तापी महिला लीगच्या कार्यालयात एका लांब टेबलामागे तिघे बसले होते. मधले सुकलाल महाजन, निवृत्त शिक्षक, समितीचे अध्यक्ष. भिंतीला लागून दोन खुर्च्या सोडून लीला बसली होती. गजेंद्र सवयीप्रमाणे दाराजवळ उभा राहिला.

"पोस्ट काढली?" महाजनांनी विचारलं.

"काढली, सर. रविवारी रात्रीच पूर्ण व्हिडिओ टाकला आणि काय कापलं होतं तेही लिहिलं."

"पाहिलं मी. जुना चाळीस हजारांनी पाहिला. हा किती जणांनी?"

"तीन हजार." मयुरी खाली बघत नव्हती. "बाकीच्यांपर्यंत कसं पोचायचं मला माहीत नाही, सर. रोज टाकत राहीन. लोक मला घाबरट म्हणतायत. म्हणू देत."

"निर्णय चुकला असं अजूनही म्हणणं आहे?"

"हो, सर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गजेंद्र दारापासून एक पाऊल पुढे आला. आता ही पोर सगळं घालवणार. पाया पड, पड पाया, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"साहेब, एक विचारू? निर्णय चुकला असं वाटलं, तर पोरींनी सांगायचं कुठे?"

"चोवीस तासांत कॅप्टनने लेखी तक्रार द्यायची. नियम आहे."

"तो नियम पोरींना कोणी सांगितला होता का?"

असं विचारून गजेंद्र स्वतःच घाबरला. कारखान्यात त्याने असा प्रश्न कधी विचारला नव्हता. महाजनांनी डावीकडच्या सदस्याकडे पाहिलं. त्याने कागद चाळले, मग कबूल केलं, "यंदा टीमना नियमपुस्तिका द्यायची राहून गेली."

"त्याने माझ्या पोरीची चूक कमी होत नाही, साहेब," गजेंद्र म्हणाला. आता थांबणं त्याला जमेना. "तिने एका बाईचं नाव खराब केलं. त्याची शिक्षा द्या. पण ती खोटं बोलायला इथे आलेली नाही. हॅक झालं म्हणून सांगता आलं असतं. तसं सांगणारे आमच्याही घरात होते."

मयुरी बापाकडे वळून बघत राहिली.

लीलाने उठून एक कागद टेबलावर ठेवला. "माझा पुरवणी अहवाल आहे. गोल झाला होता. मला दिसला नाही, सहायकालाही दिसला नाही. निकाल बदलत नाही हे मला माहीत आहे, पण नोंद व्हावी."

"मॅडम, हे तुम्ही स्वतःहून देताय?"

"मी चुकले, तर मीच लिहायला हवं ना."

निर्णय अर्ध्या तासाने आला. पाच सामन्यांची बंदी. म्हणजे यंदाची लीग मयुरीसाठी संपली. टीमने गमावलेला तो सामना गमावलेलाच राहिला. निवड चाचणीवर मात्र बंदी नव्हती. आणि लीगने सगळ्या टीमना तक्रारीचा नियम लेखी पाठवावा, असं महाजनांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं.

बाहेर आल्यावर गजेंद्र पायरीवर बसला. मयुरी शेजारी बसली.

"पप्पा, तुम्ही साहेबांना प्रश्न विचारलात."

"हो ना," गजेंद्र म्हणाला. "घरी आईला सांगू नकोस, तिला खरं वाटायचं नाही."

*

पुढच्या रविवारी टीमचा सामना होता आणि मयुरी प्रेक्षकांत. उज्ज्वलाला यायचं नव्हतं. लीला सोनवणेने अहवाल दिला होता हे खरं, तरी पोरीची लीग गेली ती तिच्याच पायी, असं तिचं मन अजून म्हणत होतं. योगिता कामरेजहून आली आणि तिला जवळजवळ ओढून घेऊन गेली.

लीला शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात उतरली, तेव्हा त्या मॅचनंतर ती पहिल्यांदाच मैदानावर आली होती. काही जण कुजबुजले. दुसऱ्या हाफमध्ये तिने गोडादऱ्याच्या टीमविरुद्ध फाउल दिला आणि मागच्या पायरीवरून एक दांडगा गडी ओरडला, "ओ मॅडम, चश्मा पहन के आओ!" त्याच्याबरोबरचे तिघे खिदळले.

मयुरी ताडकन वळली. पण तिच्या आधी उज्ज्वला उभी राहिली होती.

"तू ये ना खाली!" ती त्याच्याकडे बोट करून म्हणाली. "या उन्हात दीड तास पळून दाखव, मग बोल! बसल्या जागी भुईमुगाच्या शेंगा खातोय आणि तोंड चालवतोय. ती बाई प्रामाणिक आहे, कळलं? मला विचार. मी ओळखते तिला!"

गड्याने शेंगांची पुडी खाली ठेवली. आजूबाजूच्या बायका हसल्या. मैदानात लीलाने एकदा आवाजाच्या दिशेने पाहिलं, उज्ज्वलाला पाहिलं, आणि शिट्टी वाजवून खेळ सुरू केला.

उज्ज्वला खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि थोड्या वेळाने लेकीकडे झुकून हळूच विचारलं, "काय गं, पण खरंच आपला फाउल होता का?"

"होता, मम्मी."

"होता तर होता," उज्ज्वला म्हणाली, आणि पुढे सरकून खेळ बघू लागली.